गंजावर श्वास घेणारी आमची मंडळी

एका खोलीत चार माणसं आणि कपाटभर सीलबंद बाटल्या असल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्या लॅबमधले जिवाणू बिनहवेचे. आपण श्वासाला ऑक्सिजन वापरतो. यांच्यातले कुणी नायट्रेट वापरतात, कुणी सल्फेट, तर कुणी चक्क लोखंडाचा गंज. आणि त्यावर मजेत वाढतात. माझी पीएचडी या गंजवाल्यांवर.

सल्फेटवाले रंगात आले की सडक्या अंड्याचा वास सुटतो. शेजारच्या डिपार्टमेंटचे सर एकदा नाक धरूनच आले. "रोज अंडी उकडता का इथं?"

"उकडत नाय," आमचे देशमुख सर म्हणाले, "आमची पोरं श्वास घ्यायला लागली." चेहरा असा, जणू घरात बारसं आहे.

नायट्रेटवाले श्वास घेताना नायट्रोजन वायू सोडतात. एका बाटलीत तो साठत गेला आणि बूच फाटकन उडालं. मी थेट टेबलाखाली. माझ्यासोबत काम करणारी नाझिया वाकून म्हणाली, "बाहर निकल गे तू. जिंदा हैं बोल के बता रहे वो."

मग गारखेड्याहून स्वाती आली, नवी प्रोजेक्ट स्टुडंट. आधीच्या लॅबमध्ये जिवाणूंना हवा द्यायची सवय, म्हणून तिनं माझ्या बाटल्यांच्या बुचांत हवेसाठी एकेक पोकळ सुई खोचून ठेवली. आम्ही आत एक रंग घालतो. हवा शिरली की तो गुलाबी होतो. सकाळी सगळं कपाट गुलाबी.

"ताई, लई भारी दिसायल्यात," स्वाती म्हणाली.

हवा लागली की हे जिवाणू मरतात. मला रडूच फुटलं. इनक्युबेटरमध्ये मागं राहिलेली एकच बाटली वाचली होती. सर म्हणाले, "हिच्यात काही झालं नाय, तर विषय बदलावा लागंल."

काही दिवसांनी त्या बाटलीतला तांबडा गंज काळा पडला. मी धावत सरांकडं.

"काळं कशानंही पडतं," सर म्हणाले. "हे गंजावर जगले असतील, तर गंजाचं मॅग्नेटाइट झालं असंल, ते चुंबकाला चिकटंल."

नाझियानं कपाटाच्या दाराचं चुंबकच उपसून आणलं. सरांनी ते काचेला लावलं. तळाची काळी भुकटी सरसर गोळा झाली. चुंबक वर, भुकटी वर. चुंबक खाली, भुकटी खाली.

सरांनी चुंबक माझ्या हातात दिलं. "आता तू चालव."

माझा हात थरथरत होता, आणि काचेमागं ती काळी रेघही तशीच थरथरत होती.

नाझिया म्हणाली, "देखो सर, पूरे माँ पे गए."