वाचून दाखवले, बरोबर आहे

कोर्टात तिला सगळे स्टेनोबाई म्हणत. साहेब सांगतील ते टाइप करायचं, हे तिचं काम, आणि सव्वीस वर्षं ती ते नाकासमोर बघून करत आली होती. या काळात सात न्यायाधीश आले आणि बदलून गेले. बाई आपली तिथल्या तिथे. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते म्हणतात, हिच्या मानेला पट्टा होता. दोघींचंही सुटायचं लक्षण दिसत नाही, असं ती स्वतःच हसत सांगायची.

बलात्काराचा खटला असला की कोर्टाचं दार बंद होई आणि बघ्यांना बाहेर काढलं जाई. फिर्यादी बाईला आरोपी दिसू नये म्हणून मध्ये चाकांचा हिरवा पडदा आणून लावत. आत उरायचे मोजून सहा-सात जण, त्यांत स्टेनोबाई. बायकांनी सख्ख्या आईला न सांगितलेलं तिच्या कानांवरून गेलं होतं. घरी मात्र ती चकार शब्द काढत नसे. नणंद यायची, चहाचा कप हातात पडताच सरसावून बसायची. "वहिनी, परवा ती केस होती ना तुमच्याकडे?"

"होती. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे?"

गुडघा तासभर पुरायचा.

कोर्टात साक्षीदार बोलतो ते जसंच्या तसं लिहीत नाहीत. तो बोलतो, साहेब ऐकतात, त्यातलं कामाचं तेवढं सांगतात, आणि ते बाई टाइप करते. माणसं रडतात, अडखळतात, मागचं पुढे सांगतात. सगळं लिहायचं म्हटलं तर एक साक्ष आठवडाभर चालेल. साक्षीच्या शेवटी मात्र एक ठरलेली ओळ असतेच: 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' ती ओळ बाईने एका बटणावर बसवून ठेवली होती. वाचून कुणीच दाखवत नसे. कागद निघाले की ती ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी नेई आणि म्हणे, "इथे सही. इथे. आणि इथे."

त्या मंगळवारी पिंजऱ्यात होती ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन चालवायची. सुपरवायझरने गोदामात तिच्यावर जबरदस्ती केली त्याला तीन वर्षं झाली होती. मागच्या तारखेला सरकारी वकिलांनी तिच्याकडून सगळी हकीकत वदवून घेतली होती. आज सुपरवायझरच्या वकिलाची पाळी होती, आणि दोन तास तो तिला त्याच गोदामात फिरवत होता. दार कुठल्या बाजूला, दिवा होता की नव्हता, गठ्ठे किती उंच. ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उत्तरं देत होती. तिला खुर्ची द्यावी असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

"बाहेर माणसं होती ना?" वकिलाने विचारलं.

"होती."

"मग तुम्ही ओरडलात?"

"ओरडणार कशी? तोंड दाबलं होतं त्याने माझं. श्वास घ्यायची मारामार, ओरडते कुठली!"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्यापुढे त्या दिवशी बेचाळीस प्रकरणं होती. माणूस वाईट नव्हता, पार थकलेला होता. त्यांनी सांगितलं, "बाहेर माणसं होती. मी आरडाओरड केली नाही."

बोटांनी ते टाइप केलंसुद्धा. मग बाईने स्क्रीनवर ती ओळ पुन्हा वाचली. निकालही तीच टाइप करायची. ही ओळ पुढे तिथे कशी उतरते ते तिला पाठ होतं. 'फिर्यादीने आरडाओरड केली नाही, सबब तिची संमती नव्हती असे म्हणता येत नाही.' वकील दोन तास तेवढ्याचसाठी घाम गाळत होता. सरकारी वकील दुसऱ्याच फाइलीत डोकं खुपसून बसले होते. भर कोर्टात साहेबांना टोकायची बाईची काय बिशाद? ती गप्प बसली आणि स्वतःवरच चिडली.

चार पानं निघाली. ती घेऊन बाई पिंजऱ्यापाशी गेली. "ताई, एकदा वाचून घ्या."

"नको हो," ती म्हणाली. "तीन वर्षं तेच सांगतेय. पोलिसांना, डॉक्टरांना, सगळ्यांना. आता वाचायला तरी लावू नका. कुठे करू सही?"

बाईला अगदी भरून आलं. पेन पुढे करावं, संपवावं, असंही वाटलं. तिचे स्वतःचे पायही दुखत होते.

"मी वाचते, तुम्ही नुसतं ऐका," ती म्हणाली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"बाई, हे काय नवीन?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, 'वाचून दाखवले' असं खाली लिहिलंय."

ती पुढे वाचत राहिली. तिसऱ्या पानावर ती ओळ आली, तशी पिंजऱ्यातल्या बाईने मान वर केली. "असं नाही म्हटलं मी. तोंड दाबलं होतं त्याने!"

वकील ताडकन उठला. "साहेब, जबाब लिहून झालाय! आता तो बदलता येणार नाही!"

साहेबांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. मग साहेब स्टेनोबाईकडे वळले. "काय म्हणाली होती ही?"

साक्षीदार काय बोलला, हे सव्वीस वर्षांत तिला तिथे कुणी विचारलं नव्हतं. तरी तिने ते वाक्य शब्दन् शब्द सांगितलं. वकील तिच्याकडे असा बघत होता, की उद्यापासून तिची काही धडगत नव्हती. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तसं घाला. वकिलांची हरकतही नोंदवा."

बाईने पान नव्याने काढलं. पिंजऱ्यातल्या बाईने सह्या केल्या. स्टेनोबाईला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. कागद उचलून ती वळणार, तेवढ्यात फिर्यादी बाईने हळूच विचारलं, "मागच्या तारखेला तुम्हीच होतात ना? ती अकरा पानं तुम्ही सही करा म्हणालात, मी केली. त्यातही असंच काही लिहिलंय का?"

स्टेनोबाईने आठवून पाहिलं. त्या दिवशी ही काय म्हणाली होती आणि साहेबांनी काय सांगितलं होतं, यातलं तिला काहीच आठवेना.

"माहीत नाही, ताई," ती म्हणाली.