सासऱ्यांचा फोरट्रान आणि माझा अर्धा तास

"अर्ध्या तासाचं काम आहे," असं मी जेव्हा जेव्हा म्हटलंय, तेव्हा तेव्हा बायकोने आधी कॅलेंडर पाहिलंय. या वेळी त्यावर शनिवारभोवती लाल गोल होता. त्या दिवशी तिचे बाबा आमच्या परदेशातल्या, ट्रुगानिनाच्या घरातून पुण्याला परतणार होते, आणि जाण्याआधी त्यांना आपला प्रोग्रॅम आपल्या नव्या लॅपटॉपवर चाललेला बघायचा होता. नोकरीत असताना त्यांनी तो फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला होता. कालव्याच्या कुठल्या दारातून किती पाणी सुटेल, ते तो सांगायचा. जुना कॉम्प्युटर गेला आणि प्रोग्रॅम पडून राहिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना स्क्रीनकडे फार वेळ बघवत नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं.

आलं म्हणजे बायकोमार्फत. माझे सासरे जावयाला थेट काम सांगत नाहीत. मी समोरच्या खुर्चीत असलो तरी म्हणतात, "अगं, यांना वेळ आहे का विचार." मीही तिलाच सांगतो, "बाबांना म्हणावं, होऊन जाईल." ती मधे बसून मेथी निवडते आणि दोन्हीकडचे निरोप पोचवते.

पाण्याचं गणित निमूट चाललं. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर. गुणाकार सगळ्या कंपायलरना सारखाच कळतो. अडलं ते प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला कामं सांगतो तिथे: फोल्डर बनव, जुनी फाइल पूस. हे सांगायची रीत प्रत्येक कंपायलरची वेगळी. मी वीस ठिकाणी माझ्या कंपायलरला रुचेल तसं लिहिलं. बुधवारी प्रोग्रॅम चालला आणि मी टाळ्यासुद्धा मागून घेतल्या. गुरुवारी बाबांच्या लॅपटॉपवर नेला, तर तिथल्या कंपायलरने त्या वीसही ओळी नाकारल्या. त्याचं म्हणणं, नुसता हुकूम सोडू नका, काम झालं की नाही त्याचं उत्तरही घ्या. मी वीस ओळी त्याच्या मर्जीने बदलल्या, तर आता माझ्याकडे चालेना. आणि पुढे काही बिघडलं तर दुरुस्ती मला इथूनच करायची होती!

शुक्रवारी दुपारी मी तोंड पाडून बसलो होतो.

"अगं, यांना चहा हवा का?"

"बाबा विचारतायत, चहा हवा का?"

"बाबांना सांग, चालेल."

आणि चहाच्या आधीच मला तरतरी आली. वीस ओळींनी सिस्टिमशी बोलायचंच कशाला? मधे एक सबरुटीन, म्हणजे प्रोग्रॅममधलाच एक वेगळा छोटा तुकडा, ठेवायचं. सगळ्यांनी त्यालाच सांगायचं, आणि पलीकडे कुठला कंपायलर आहे ते फक्त त्याने बघायचं. नव्या कंपायलरसाठी तेवढाच तुकडा बदलायचा. मी त्याला बायकोचं नाव दिलं.

प्रोग्रॅम दोन्हीकडे चालला. बाबांच्या स्क्रीनवर 'काम पूर्ण' असंही आलं. फक्त निकालाचं फोल्डर कुठेच नव्हतं. ते बनलंच नाही, असं सिस्टिमने सांगितलं होतं. माझ्या सबरुटीनने ते उत्तर घेतलं आणि गिळून टाकलं.

बाबांनी चष्मा काढला आणि आठ आठवड्यांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून बोलले. "जावईबापू, उत्तर परत आणत नसेल तर मधल्याचा उपयोग काय? मी सोमवारीच हिला म्हटलं होतं, यांना सांग, सगळं एका सबरुटीनमध्ये घाला आणि उत्तर तपासा."

मी बायकोकडे बघितलं.

"अरे, तू इतका खुशीत होतास," ती म्हणाली. "म्हटलं, बाबांचं काहीतरी जुन्या काळचं असेल. शिवाय तुझा अर्धा तास चालू होता ना!"

बाबांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढली. सबरुटीनला उत्तर परत द्यायला लावलं, तेव्हा चूक समोर आली: फोल्डरच्या पत्त्यातली तिरकी रेघ त्यांच्या लॅपटॉपवर उलटी हवी होती. ती फिरवली आणि आकड्यांचा तक्ता उघडला. बाबांनी बॅगेच्या तळातून जुनी वही काढून पानावर बोट ठेवलं.

"वाचा, जावईबापू. पहिलं दार?"

मी आकडा वाचला.

"बरोबर. दुसरं?"

तेही बरोबर. स्वयंपाकघरातून हाक आली, "बाबांना विचार रे, बॅगेत लोणचं राहिलंय का?"

कुणीच कुणाला विचारलं नाही. आम्ही सातव्या दाराशी होतो.

"अरे, तिकडे काय चाललंय ते मला कुणी सांगेल का?"