धुळीचा ठिपका

“अहो, ह्यात आकाश कुठाय?” महादेवीनं विचारलं.

मॉनिटरवर खाली काळा चिखल होता आणि वर नुसतं पांढरंफटक. पंचवीस वर्षं मी लग्नाचे फोटो काढतोय, सोलापुरात सात रस्त्याला स्वतःचा स्टुडिओ आहे, आणि बायको विचारते आकाश कुठाय. राग आला. पण तिचं बरोबर होतं.

काम जेऊरच्या तात्यांचं होतं. त्यांच्या नातीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते, तेवढीच ओळख. तात्या आता पंच्याहत्तरीचे. ऐन तरुणपणी त्यांचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. यंदा पाणी इतकं उतरलं की गाव वर आलं. पण तात्यांचे गुडघे गेलेले. काठापासून पुढचा अर्धा किलोमीटर चिखल त्यांना जमणारा नव्हता. काठावर उभे राहूनच ते मला म्हणाले होते, “मला लई मोटा फोटू पायजे. आमचं घर कुटं हुतं, ती जागा बगायचीय.”

“घर राहिलं असेल का तात्या?”

“न्हाय वो. मातीचं हुतं, कवाच इरगळलं आसंल. पर दारापुढं खूण हाय. दिसली की वळखतो की मी.”

घाई होती. उजनी भरायला आमच्याकडे पाऊस पडावा लागत नाही. पुण्याकडची धरणं भरली की तिकडून पाणी सुटतं आणि आमचं आभाळ कोरडं असतानाच इकडे पाणी चढतं. पुण्याकडे पाऊस सुरू झाला होता.

आणि मी काय केलं, तर लग्नाची बॅग तशीच उचलून गेलो. दोन फ्लॅश, त्यांचे स्टँड, उजेड मऊ करायची छत्री, रिफ्लेक्टर. फ्लॅशचा उजेड जातो फार तर मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अख्ख्या गावाला फ्लॅश मारणारा सोलापूर जिल्ह्यात मी पहिलाच असेन.

“नवीन कॅमेरा घ्यावा म्हणतो,” मी महादेवीला म्हणालो.

“आधी आहे तो वापरता येतो का बघा.”

माझा कॅमेरा जुना, पण फुल-फ्रेम. म्हणजे आत प्रकाश टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा. मोठ्या प्रिंटला असाच लागतो. अडचण वेगळी होती. आताचे कॅमेरे उजळ आकाश आणि काळी जमीन एकाच फोटोत सांभाळून घेतात. माझ्याला ते झेपत नाही. त्याला आधार द्यावा लागतो.

मग आधार गोळा केला. पहिला ग्रॅड फिल्टर. गॉगलची काच वर गडद आणि खाली फिकट असते ना, तशीच काच लेन्सपुढे लावायची. आकाश दबतं, जमीन दिसते. दुसरा ट्रायपॉड, चांगला जड. कमी उजेडात जुन्या सेन्सरची ताकद वाढवली की फोटोत रवाळ दाणे येतात. त्यापेक्षा शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, पण मग कॅमेरा केसभरही हलता कामा नये. बोटानं बटन दाबलं तरी हलतो, म्हणून तिसरी रिमोट केबल. जुन्या बॅटऱ्या दगा देतात, म्हणून त्या चार. मागच्या वेळी फ्लॅशचे स्टँड चिखलात रुतले हे ऐकून महादेवीनं ट्रायपॉडच्या पायांखाली ठेवायला घरातल्या तीन स्टीलच्या ताटल्या दिल्या. “परत आणा,” असंही सांगितलं.

गच्चीवर चाचणी घेतली. आकाशभर काळे ठिपके. पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट हवं तर लेन्सचं भोक अगदी बारीक करावं लागतं. तसं केलं की सेन्सरवरची धूळ फोटोत उमटते. लग्नात आम्ही भोक मोठं ठेवतो, त्यामुळे ती धूळ किती वर्षं आत बसली होती कुणास ठाऊक. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. हातानं दाबायचा रबरी ब्लोअर आणला. बरीचशी धूळ उडाली. चार-पाच ठिपके मात्र हटेनात. ते कॉम्प्युटरवर पुसू म्हटलं.

दुसऱ्या खेपेला आदल्या दिवशीच तात्यांकडे मुक्कामाला गेलो. पहाटे ते काठावर खुर्ची टाकून बसले आणि मी चिखलातून आत गेलो. तिन्ही पायांखाली ताटल्या ठेवल्या, फिल्टर लावला, केबल हातात घेतली.

सूर्य वर आला आणि गाव दिसायला लागलं. खरंच एकेक करून दिसायला लागलं. आधी देवळाचा कळस, मग विहिरीचा काठ, मग दगडांच्या सरळ ओळी. त्या ओळींमधून वाट जात होती. म्हणजे ही गल्ली होती. इथून माणसं पाण्याला जात होती, पोरं शाळेला पळत होती. इतकी वर्षं पाण्याखाली राहून गल्ली अजून गल्लीच होती. लग्नात कितीही गडबड असो, माझं बटन दाबायचं राहत नाही. त्या पहाटे केबल हातात धरून मी नुसता बघत राहिलो. काठावरून तात्या ओरडले, “काडला का?” तेव्हा भानावर आलो.

फोटो झकास आला. आकाश महादेवीलासुद्धा दिसलं. मी ठिपके पुसले, पाच फुटी प्रिंट काढली आणि तात्यांना बोलावलं. तोवर पाणी चढलं होतं. गाव पुन्हा खाली गेलं होतं.

तात्यांनी खिशातून भिंग काढलं. देवळापासून गल्लीनं बोटभर बोटभर पुढे आले. एका जागी थांबले. मागे गेले, परत तिथंच आले. मग भिंग खाली ठेवलं.

“न्हाय. गाळानं भरलं आसंल.”

“काय भरलं असेल तात्या?”

“उखळ. दारापुढच्या खडकात कोरल्यालं हुतं. आय त्यात मिरच्या कुटायची.”

मला आठवलं. फोटोत जमिनीवर एक काळा गोल ठिपका होता. मी तो पुसला होता. पंचवीस वर्षं नवरीच्या गालावरचे डाग पुसतोय. ठिपका दिसला की हात आपोआप चालतो.

“मूळ फाइल आहे,” महादेवी म्हणाली आणि तिनं ती उघडलीसुद्धा.

गल्लीत, डाव्या हाताला, सपाट खडकात ते होतं. काठोकाठ पाण्यानं भरलेलं. तात्या खुर्ची ओढून मॉनिटरला नाक लागेल इतके जवळ गेले. “हितंच,” म्हणाले. “हितं दार. हितं आय बसायची.”

दुसरी प्रिंट मी मूळ फाइलवरून, काहीही न पुसता, काढून दिली.

आता नवखे फोटोग्राफर विचारतात, जुन्या कॅमेऱ्याला काय काय लागतं? मी सांगतो, जड ट्रायपॉड, केबल, ग्रॅड फिल्टर, ब्लोअर, जास्तीच्या बॅटऱ्या, चिखल असेल तर तीन ताटल्या. आणि गिऱ्हाइकाला त्यात नेमकं काय बघायचंय, ते आधी विचारा.

तात्यांच्या प्रिंटची एक प्रत स्टुडिओत लावली आहे. धुळीचे ते चार-पाच ठिपके त्यात तसेच आहेत, आकाशात उजव्या कोपऱ्यातला सगळ्यात ठळक. महादेवी म्हणते, एवढा तरी पुसा. मी त्याला हात लावलेला नाही.