बुजवलेलं बीळ

आमच्या घरात कुत्रं आलं ते माझ्या वाचनामुळं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत जनावरांच्या एका डॉक्टरांची बदली झाली आणि त्यांच्याकडचं फॉक्स टेरियरचं पिल्लू मी पिशवीत घालून एसटीनं निरवांगीला आणलं. पांढरं, एका डोळ्यावर तपकिरी डाग, शेपूट जेमतेम चार बोटं. ते बघून आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आख्खं कुत्रं मिळालं नाही का, असं विचारलं. नावावर घरात एकमत झालं नाही. ज्याला जी सुचेल ती हाक तो मारायचा आणि कुत्रं कुणाचंच ऐकायचं नाही.

मी शाळामास्तर. पुस्तकात वाचलेलं जेवणाऱ्यांना ऐकवणं हा माझा धर्म. विलायतेत घोड्यावरचे शिकारी कोल्ह्यामागं लागायचे, कोल्हा बिळात शिरला की त्याच्या मागं आत जाऊन भुंकून त्याला बाहेर काढायला ही जात तयार केली. छाती अरुंद म्हणून बिळात मावते, आणि शेपूट एवढंच ठेवायचं की माणसाच्या मुठीत यावं, अडकलं तर ओढायला. बायको भाकरी थापता थापता म्हणायची की गोचीड काढायचं कुठल्या पानावर लिहिलंय ते आधी बघा. गोचीड तीच काढायची. केस आखूड, आठवड्यातनं एकदा ब्रश फिरवला की झालं, अंघोळ महिन्यानं चालते, हेही मीच सांगायचो. ब्रश हातात घेतलेला मात्र मला कुणी पाहिलेला नाही.

मी सांगत राहिलो आणि कुत्रं आबांचं होऊन गेलं. उसात त्यानं मांजराएवढी घूस मारली आणि आबांच्या पायाशी आणून टाकली, तेव्हापासून त्यांच्या ताटातला पहिला तुकडा त्याचा. तोंडानं मात्र ते त्याला 'बांडं'च, म्हणजे शेपूटतुटकंच, म्हणत.

घुशींशी आमचं वैर पाण्यावरून. कालव्याची पाळी महिन्यातनं एकदा यायची, तीही मोजक्या तासांची. रानाकडं येणाऱ्या पाटाच्या भरावाला घुशींनी बिळं पाडली की निम्मं पाणी शेजाऱ्याला. म्हणून पाणी यायच्या आधी पाटाकडेनं फिरायचं, बीळ दिसेल तिथं दगड ठोकायचा, वर चिखल लिंपायचा आणि तुडवायचं. त्या उन्हाळ्यात मला सुट्टी होती. ते काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि नऊ बिळं बुजवली. आबांनी येऊन दोन ठिकाणी टाच मारून पाहिली आणि तिसरीकडं मारायचं सोडून दिलं. आमच्यात हीच शाबासकी.

मग त्यांनी कुत्र्याला हाक मारली. आलं नाही. बायको न्याहारी घेऊन आली होती, ती म्हणाली की सकाळी ते तुमच्याच मागं निघालं होतं. तेव्हा मला आठवलं. मी तिसरं बीळ लिंपत असताना ते पुढच्या कुठल्याशा बिळात नाक खुपसून उकरत होतं. नंतर दिसलं नाही. ऊन लागलं म्हणून घरी गेलं असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

वरनं पाणी सुटलेलं होतं. पाट भरला की भराव भिजून बिळं आतनं ढासळणार.

"कुठल्या बिळात?" आबांनी विचारलं.

मला सांगता येईना. भराव मी असा गुळगुळीत केला होता की माझी बिळं मलाच ओळखू येत नव्हती.

"जल्मात एक काम चोख केलंस," आबा म्हणाले, "तेबी आजच."

तेवढ्यात पाण्याचं तोंड दिसलं, फेस आणि पाचट पुढं ढकलत येणारं. पाळीच्या पाच मिनिटांवरून सख्ख्या भावाशी वर्षभर न बोललेला हा माणूस. त्यांनी वरच्या अंगाला बोट दाखवलं. "फोड पाट. जाऊ दी पडात."

मी नुसता उभा.

"बघतूस काय? फोड."

फावड्याच्या चार घावांत आमच्या उसाचं पाणी पडीक रानात पसरायला लागलं. मग आम्ही बिळं उकरायला घेतली, आबा पहारीनं, मी फावड्यानं, बायको खुरप्यानं. चौथं रिकामं. पाचवं रिकामं. पलीकडच्या रानातले शेजारी चाचा, पाणी पडात का चाललंय ते बघायला आले. ऐकल्यावर त्यांनी टोपी काढली, भरावावर आडवे झाले आणि जमिनीला कान लावत पुढं सरकत गेले.

"हितं हाय," ते म्हणाले. "जित्तं हाय. पर भाईर येत न्हाय, आतच चाललंय."

तेही पुस्तकात होतं. ही जात माघार घेत नाही. दगड निघाला, मी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चार बोटं शेपूट मुठीत आलं. ओढलं. आतनं माझ्यावरच गुरगुर झाली.

बाहेर आलं ते मातीचा गोळा होऊन, एक कान घुशीनं फाडलेला. तीनदा शिंकलं आणि पुन्हा बिळाकडं वळलं. आबांनी त्याला उचलून पांढऱ्या सदऱ्याशी धरलं आणि धोतराच्या सोग्यानं त्याचे डोळे पुसले. मी तिथंच बसलो. हसू येत होतं आणि थांबत नव्हतं.

"मास्तर," चाचा म्हणाले, "आता पुस्तकात लिवा. बीळ बुजवायच्या आधी घरातली समदी मोजावीत."

पाणी पुन्हा उसाकडं वळवलं तेव्हा निम्मी पाळी सरली होती, आणि उरलेलं पाणी आम्ही उकरलेल्या बिळांतनं चाचांच्या रानातल्या हिरव्या वैरणीत गळत होतं. मी दगड उचलून धावलो. आबा बांधावर बसले होते. मांडीवरच्या कुत्र्याच्या कानाला बायको हळद लावत होती.

"ऱ्हाऊ दी," आबा म्हणाले. "त्येच्या कडवळाला लागंल."