पुजलेली किल्ली
बाजारात झेंडूचे ढीग लागले की त्या वासानं माझं डोकं आजही तापतं. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास मी उघड्या ट्रकवर साताऱ्याच्या एका कारखान्यातून सांगलीला लोखंडी माल न्यायचो. एका खंडेनवमीला त्या कारखान्यातली सगळी यंत्रं पुजून, हार घालून बंद ठेवली होती आणि आदल्या दिवशी भरलेली माझी गाडी फाटकात उभी होती. मी तिची पूजा करायला गेलो, तर कपाळाला कुंकू लावलेला तिथला साहेब पेढा चघळत ओरडला, "ए, पूजाबिजा उद्या कर, माल आज पोचला पाहिजे." मी म्हणालो, "आवं सायेब, तुमची यंत्रं आज बसल्यात, मग माजी गाडी?" "तुझी गाडी कसलं यंत्र? भाड्याचं डबडं ते!" मी हार घातला, नारळ फोडला, किल्ली बॉनेटवर ठेवून तिलाही कुंकू लावलं आणि म्हणालो, "पुजलेलं हत्यार मी आज उचलत न्हाई. तुमी उचला." किल्लीकडं गेलेला त्याचा हात मागं आला. त्याची जीप माझ्या गाडीमागं आत अडकली होती, म्हणून तो उन्हात पायी घरी गेला. त्या फाटकात मला परत कुणी घेतलं नाही. नाही तर नाही. अजूनही खंडेनवमीला मी किल्ली पुजतो, आणि पुजताना त्याला एक शिवी हासडतो.