मिळतं तेवढं खातो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको असती तर तिलाही सांगितलं नसतं. तुम्हाला सांगतो — पण कीव करायची असेल, तर इथूनच माघारी फिरा.

मला कंपवात आहे. डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात. हात थरथरतो, पाय अडखळतो, ते सगळ्या कुरुंदा गावाला दिसतं. दिसत नाही ते वेगळंच. आधी वास गेला. जन्मभर हळद शिजवलेला माणूस मी — वाफ थेट तोंडावर यायची आणि नाकाला काही कळायचं नाही! मग चव गेली, मग भूक. दोन घासांत पोट गच्च. गोड तेवढं हवंसं वाटायचं. गूळ चोरून खायचो, या वयात. आणि पंगतीत ज्याला वाढता वाढता वाढपी थकायचे, तो हाच मी. हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

माझी सून सुनीता दुधात भाकरी कुस्करून द्यायची. ती आत वळली की मी ताट म्हशीच्या गव्हाणीत रिकामं करायचो. सुनेला वाटायचं, सासरा जेवला.

आमच्याकडे हळदीच्या पोत्यांचं वजन झालं की घरातलं एकेक माणूस काट्यावर उभं राहतं — गंमत म्हणून. भूक गेली त्या वर्षी मीही चढलो. चढायला नको होतं? का म्हणून? मी काय कुणाला भितो? पण मागच्या सालापेक्षा आकडा असा काही घसरला होता, की हमालांनी काटा पुन्हा लावून पाहिला. थोरली बहीण तिथंच होती. सगळ्यांदेखत म्हणाली, "काहून रे इतका वाळला? घरी जेवाया मिळतं ना तुला?"

सुनीता माझ्याकडे बघत होती. भूक मेली — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण त्या गड्यांसमोर? मी?

मी म्हणालो, "मिळतं तेवढं खातो."

झालं. सासऱ्याला उपाशी ठेवते, ही बातमी तिच्या माहेरापर्यंत गेली. मग ती मला ओट्यावर बसवून भरवायला लागली, गल्लीला दिसावं म्हणून. आणि मी — मी तोंड मिटून घ्यायचो. लेकरासारखं भरवून घ्यायचं नव्हतं मला! वरण सदऱ्यावर सांडायचं, ती पुसायची, समोरच्या बाया बघत राहायच्या. एकदा हळूच म्हणाली, "मामा, एक घास तरी घ्या. माह्यासाठी घ्या."

नाही घेतला.

बहीण वारली, सून मला उपाशी ठेवते हेच मनात धरून वारली. सुनीता आजही वेळेवर ताट आणते. आता काही म्हणत नाही.

आजाराला मध्ये आणू नका. हात माझ्या हुकमात नव्हता, कबूल. पण काट्यावरचं ते वाक्य मी पुऱ्या शुद्धीत बोललो — तिच्या तोंडाकडे बघत.