सात नंबरची पेटी

अठरा वर्षांत खलफान बिन सुलैम यांनी कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. मस्कतमधल्या आमच्या आरोग्य नोंदींच्या इमारतीत मी कारकून, ते यंत्रखोलीत. आत इतका गारठा की उन्हाळ्यातही ते डोक्याला गुंडाळलेल्या मसरवर लोकरीची शाल घेत. मुलाच्या नावावरून सगळे त्यांना अबू मुहन्नद म्हणत. मुहन्नदला नोकरी नव्हती, घर यांच्या एकट्याच्या पगारावर चाललेलं. वयाची साठी भरत आली होती, म्हणून दोन वर्षं वाढवून मिळावीत असा अर्ज त्यांनी केला होता. तो मीच टाईप केला.

त्याच महिन्यात जुने स्विच बदलायचं ठरलं. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. गावोगावच्या दवाखान्यांच्या तारा जिथं एकत्र येतात आणि कुणाचा निरोप कुठं जायचा ते जिथं ठरतं, ती पेटी. अशा बारा पेट्या, चौदा वर्षांच्या. प्रत्येकीवर अबू मुहन्नदांच्या अक्षरातली पट्टी.

नवा साहेब गैथ त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो थट्टेत म्हणायचा, "काका, तुम्ही आणि या पेट्या एकाच दिवशी बाहेर पडणार बघा!"

"आम्ही गरम होतो रे, पण बंद पडत नाही," काका म्हणायचे.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून बदल शुक्रवारी सकाळी व्हायचा होता. गुरुवारी दुपारी अबू मुहन्नद माझ्या टेबलापाशी येऊन बसले. खजूर हातात तसाच.

"ताई, एक चूक आहे माझी."

सहा वर्षांपूर्वीच्या वादळात डोंगरातल्या एका दवाखान्याची तार तुटली होती. यांनी सात नंबरच्या पेटीला नवी आज्ञा देऊन त्याचा रस्ता दुसरीकडून काढला. त्यांची जुनी रीत अशी, की नवी आज्ञा लगेच कायमची साठवायची नाही. चुकलं तर पेटी बंद करून चालू केली की जुनं परत येतं. नीट चाललं की मग साठवायचं. पण त्याच वेळी घरून फोन आला, एरवी कोरड्या असलेल्या वादीला, तिथल्या ओढ्याला, पूर येऊन पाणी दारात शिरलं होतं. ते धावले आणि साठवायचं राहिलं ते राहिलंच. या खोलीची वीज सहा वर्षांत एकदाही गेली नाही, त्यामुळे ते कुणाला कळलंही नाही. गैथनं नवी पेटी तयार केली होती ती साठवलेल्या आज्ञांवरून, आणि त्यांत तुटलेल्या तारेचा जुनाच रस्ता होता. उद्या जुनी बंद झाली की डोंगरातला दवाखाना तुटणार होता.

"सांगितलं तर अर्जाचं काय होईल कुणास ठाऊक," ते म्हणाले. "नाही सांगितलं, तर तिथं एखादी बाळंतीण..."

मी म्हटलं, "अबू मुहन्नद, देव बघतोय. सांगून टाका."

किती सहज म्हणाले मी.

ते उठले आणि गैथकडे गेले. दार उघडंच होतं. गैथ त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, वेळेवर सांगितलंत, फार बरं केलंत. हे आपल्या दोघांतच."

शुक्रवारी बाराच्या बारा पेट्या बदलल्या. मिनिटभरही कुठं काही अडलं नाही. डोंगरातल्या डॉक्टरांचं आभाराचं पत्र आलं, गैथच्या नावानं.

रविवारी गैथनं अहवाल टाईप करायला दिला. तिसऱ्या पानावर होतं: "ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या सहा वर्षांच्या हलगर्जीपणामुळे उद्भवलेला गंभीर धोका प्रमुखांनी वेळीच ओळखून टाळला."

मी कागद घेऊन आत गेले. "साहेब, हे वाक्य लागतंच का? त्यांनी स्वतः येऊन सांगितलंय."

"हलगर्जीपणा झाला की नाही?"

"झाला, पण—"

"मग? तुम्ही तर देवभोळ्या, ताई. खरं तेच लिहायचं ना?"

जागेवर येऊन बसले आणि टाईप केलं. एक अक्षर चुकलं तर तेही सुधारलं.

अर्ज नामंजूर होऊन दहा दिवसांत आला. कारणाच्या रकान्यात तिसऱ्या पानाचा हवाला.

निरोपाला हलवा आणला होता. गैथनं स्वतः किटली उचलली, वडीलधाऱ्यांना आधी म्हणून पहिली कॉफी त्यांना ओतली. "काका, तुमच्यामुळेच शिकलो हो सगळं."

"सगळं नाही रे," ते म्हणाले.

अबू मुहन्नद नेहमी तीन पेले घ्यायचे. त्या दिवशी पहिला संपला तसा त्यांनी रिकामा पेला हलवला. इथली खूण, आता पुरे. गैथची किटली हवेतच राहिली.

जाताना ते माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"त्या दवाखान्याची तार नीट आहे ना, ताई?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

जुन्या पेट्या भंगारात काढायच्या यादीवर सही माझीच लागते. सात नंबरवरची ती पट्टी मी नखानं सोलून काढली. रोज देवापुढं वाचते त्या पोथीत ठेवलीय. देवाला मी अजून काही विचारलेलं नाही.